डेव्हलपमेंटल बायोलॉजीत पीएचडी करायचीय, पण आजवर फक्त पेटीतल्या स्लाइडी बघितल्यात

कवठाची_चटणी:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतीच वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.
मी सांगली जिल्ह्यात एमएस्सी झूऑलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. भ्रूणशास्त्र प्रचंड आवडतं. म्हणजे काय आवडतं तर वाचायला आवडतं, कारण आमच्याकडे प्रॅक्टिकलला कोंबडीच्या भ्रूणाच्या त्या तयार स्लाइडी असतात ना, २४ तास, ३३ तास, ४८, ७२, लाल रंगवलेल्या, त्याच आहेत. त्यातल्या ३३ तासांच्या स्लाइडीची कव्हरस्लिप तडकलीय आणि आमच्या मॅडम म्हणतात की त्या शिकत होत्या तेव्हाही ती तडकलेलीच होती. जर्नलमध्ये चित्रं काढून सोमाइट (भ्रूणाच्या पाठीतले पेशींचे ठोकळे) मोजलेत, जिवंत भ्रूण एकही बघितला नाही.
आता पुढे पीएचडी करायचीय. नेट, गेट, जीबिल्स, डीबीटी इतकी नावं ऐकून डोकं फिरलंय. एक सीनियर म्हणाला अमेरिकेत एमसीडीबी नावाचा सेपरेट डिपार्टमेंटच असतो, मॉलिक्युलर सेल्युलर डेव्हलपमेंटल, तिकडेच अप्लाय कर. बाबा साखर कारखान्यात आहेत, कर्ज काढणं शक्य नाही आणि मला काढायचंही नाही. सीजीपीए ८.१. मायक्रोपिपेट हातात धरलेय ती दोनदा, दोन्ही वेळा मागे रांग होती.
काय करू? इथे की बाहेर? जे केलेत त्यांनी सांगा प्लीज.

माशीमार:
स्वागत. तडकलेली ३३ तासांची स्लाइड आमच्याही कॉलेजात होती, बहुतेक तडकवूनच पाठवतात.
मी पुण्यात पीएचडी करतोय, ड्रोसोफिला माशीवर, चौथं वर्ष. आधी परीक्षांचा गोंधळ संपवू.
जीबिल्स म्हणजे टीआयएफआरची बायोलॉजीची परीक्षा, डिसेंबरच्या आसपास असते, मुंबईचं टीआयएफआर, बंगलोरचं एनसीबीएस आणि आयसर वगैरे अनेक संस्था तिचे मार्क बघून मुलाखतीला बोलावतात. ह्यात पाठांतर चालत नाही, ग्राफ देतात, प्रयोग देतात आणि निष्कर्ष काय काढशील विचारतात. सीएसआयआर नेट वेगळी, ती जेआरएफ ही फेलोशिप मिळवून देते म्हणजे पैसे तुझ्या नावावर येतात. पार्ट सी मध्ये ७५ पैकी २५ सोडवायचे, प्रत्येकी ४ मार्क, त्यामुळे सगळं वाचायच्या भानगडीत न पडता सहा-सात युनिट पक्की केलीस तरी निघते. डेव्हलपमेंटल युनिट पाचवं, बरीच मुलं ते ऑप्शनला टाकतात, तू टाकू नकोस. डीबीटी ह्या सरकारी बायोटेक खात्याची वेगळी जेआरएफ परीक्षा आहे, तीही दे, अभ्यास जवळपास तोच. फेलोशिप २०२३ च्या जानेवारीपासून पहिली दोन वर्षं (जेआरएफ) महिन्याला ३७,००० आणि नंतर (एसआरएफ) ४२,०००, वर एचआरए.
आता खरं सांगतो, जे मला कोणी सांगितलं नव्हतं. माझी पीएचडी म्हणजे ७० टक्के वेळ चिलटं पाळणं. हो चिलटंच, केळ्यावर घोंघावतात ती. आजीला अजून वाटतं मी डासांवर औषध शोधतोय. क्रॉस करायला, म्हणजे ठरवून जोड्या लावायला, कुमारी माद्या लागतात आणि २५ डिग्रीला कोषातून बाहेर आल्यावर साधारण ८ तासांच्या आत मादी वेगळी काढली नाही तर ती बाद. म्हणजे सकाळी ८ ला बाटल्या रिकाम्या करायच्या, परत दुपारी, परत संध्याकाळी. रविवार नाही, दिवाळी नाही. रात्री १८ डिग्रीला ठेवलं की वेळ दुप्पट मिळतो म्हणून झोपता तरी येतं. गणपतीला गावी जायचं असेल तर सगळा स्टॉक १८ ला टाकून पळायचं, तिथे पिढी व्हायला १० ऐवजी १९-२० दिवस लागतात. खाणं आपणच शिजवायचं, मक्याचं पीठ, साखर, यीस्ट, अगर, अगदी पिठलं घोटतात तसं, गुठळ्या झाल्या की सीनियर ओरडतात.
हे ऐकून कंटाळा आला असेल तर आत्ताच सांग. नसेल आला तर तू आमच्यातली.

कवठाची_चटणी:
दादा कंटाळा नाही आला, उलट भूक लागली पिठल्यामुळे 😄 पण मुलाखतीत काय विचारतात? मला हॉक्स जीन्स (शरीराचा कुठला भाग कुठे येणार ते ठरवणारे) वगैरे येतं सगळं.

माशीमार:
"येतं सगळं" असं तिथे म्हणू नकोस, मी म्हणालो होतो.
मला विचारलं अल्ट्राबायथोरॅक्स हा जीन माहितीय का. मी खूश, धाडधाड सांगितलं, लुईसनी १९७८, तिसऱ्या वक्षखंडात हा जीन गेला की हॉल्टरच्या, म्हणजे पंखांमागच्या छोट्या दांड्यांच्या, जागी पंखांची दुसरी जोडी येते, चार पंखांची माशी, १९९५ चं नोबेल, न्यूसलाइन-फोलहार्ड आणि विशाउस पण सांगून टाकले. समोरच्या मॅडम शांतपणे म्हणाल्या, बरं, ती माशी उडते का? मी गप्प. चार पंख म्हणजे जास्त उडेल असं तोंडात आलं होतं, देवाच्या कृपेने गिळलं. मग त्यांनीच हळूहळू काढून घेतलं की हॉल्टर कशाला असतो, तोल सांभाळायला, तो गेल्यावर काय होईल. उडत नाही. पाच मिनिटं लागली मला तिथवर पोचायला पण त्यांना उत्तर नकोच होतं, मी विचार कसा करतो ते बघायचं होतं.
दुसरा हमखास प्रकार म्हणजे एखादा जीन एखाद्या गोष्टीसाठी आवश्यक आहे हे कसं दाखवशील आणि पुरेसा आहे हे कसं दाखवशील. आयलेस नावाचा माशीच्या डोळ्याचा जीन घे. काढून टाकला तर डोळा होत नाही, ही आवश्यकता. आणि गेरिंगच्या लॅबनी १९९५ मध्ये तो पायावर, पंखावर, अँटेनावर चालू केला तर तिथे डोळे उगवले, उंदराचा जीन घातला तरी माशीचाच डोळा उगवला. हे दोन्ही प्रयोग वेगळे का, एक झाला की दुसरा का लागतो, ह्यावर अर्धा तास बोलता आलं पाहिजे. आणि हो, १ मोलर स्टॉकपासून ५ मिलिमोलरचं १० मिली कसं करशील हे पण विचारतात आणि फळ्यासमोर भलेभले अडकतात.

कोथरूड_ते_कोलोराडो:
अमेरिकेबद्दल मी लिहितो. एमसीडीबी हे नाव येल, मिशिगन, यूसीएलए, सांता बार्बरा, कोलोराडो बोल्डर अशा ठिकाणी आहे. बोल्डरचा तर १९६८ पासूनचा, कीथ पोर्टर म्हणजे पेशीचा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली अभ्यास करणाऱ्यांतला मोठा माणूस, तो आला आणि डिपार्टमेंट उभं राहिलं. बऱ्याच ठिकाणी जुन्या बायोलॉजी डिपार्टमेंटची वाटणी झाली, रेणू-पेशी-भ्रूणवाले एकीकडे आणि इकॉलॉजी-उत्क्रांतीवाले दुसरीकडे, भावाभावांत वाडा वाटतात तसं. त्यामुळे नावावर जाऊ नकोस. जिथे एमसीडीबी असं डिपार्टमेंट नाहीच तिथेही उत्तम डेव्हलपमेंटल लॅब आहेत आणि येलसारख्या ठिकाणी तर अर्ज डिपार्टमेंटला करायचाच नसतो, सगळ्या बायोसायन्सचा मिळून एक मोठा प्रोग्राम असतो, त्यातून आत जायचं.
चांगली गोष्ट म्हणजे फी माफ, वर स्टायपेंड, त्यात एकटा माणूस नीट राहतो. पहिल्या वर्षी तीनेक लॅबमध्ये रोटेशन, प्रत्येकी आठ-दहा आठवडे, मग लॅब निवडायची, दुसऱ्या वर्षी क्वालिफाइंग परीक्षा, एकूण पाच-सहा वर्षं. बायोलॉजीला जीआरई ही प्रवेशपरीक्षा बहुतेकांनी काढून टाकलीय. अर्ज डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, मुलाखती जानेवारी-फेब्रुवारी, १५ एप्रिलपर्यंत हो-नाही कळवायचं. अर्जाची फी मात्र मारते, दहा ठिकाणी केले तर लाखाच्या घरात जातं. फी माफी बरीच विद्यापीठं देतात पण कोणी मागत नाही, तू माग, लाजू नकोस.
वाईट गोष्ट कोणी मोकळेपणाने सांगत नाही. संशोधनाला पैसे देणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थांच्या, म्हणजे एनआयएचच्या ट्रेनिंग ग्रँटवर आणि एनएसएफच्या ग्रॅज्युएट फेलोशिपवर आपल्याला घेता येत नाही, त्या नागरिक आणि ग्रीनकार्डवाल्यांनाच. म्हणजे आपला खर्च विद्यापीठाला दुसरीकडून काढावा लागतो, म्हणून आपल्यासाठी जागा कायम कमी. त्यात २०२५ च्या सुरुवातीला एनआयएचच्या पैशांची कापाकापी सुरू झाली आणि काही ठिकाणी जागा कमी केल्या, काही ठिकाणी तर दिलेल्या ऑफर परत घेतल्या. सप्टेंबरात नोकरीच्या एचवनबी व्हिसाच्या नव्या अर्जाला एक लाख डॉलर फी जाहीर झाली, ती पीएचडीला लागत नाही पण पुढचा विचार करणाऱ्याला घाम फुटतोच. मी २०१८ ला आलो तेव्हा हे काही नव्हतं. आज मी तुझ्या जागी असतो तर फक्त अमेरिकेवर अवलंबून राहिलो नसतो, एवढंच म्हणतो.

एक_बाप:
मध्येच बोलतो, विषय कळत नाही पण हिशोब कळतो. माझी मुलगी बायोटेकवाली. एजंटनी गळ घातली की आधी अमेरिकेत एमएस करा मग तिकडेच पीएचडी मिळते. ४५ लाखाचं कर्ज, फ्लॅट तारण. एमएस झालं, पीएचडी नाही मिळाली, आता ती एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे आणि मी निवृत्तीनंतर परत नोकरी धरलीय. नंतर कळलं की पीएचडीला तिकडे थेट भारतातूनही घेतात आणि पैसे तेच देतात. हे आधी कोणी सांगितलं असतं तर. मुली, तू कर्ज काढायचं नाही म्हणालीस ते वाचून बरं वाटलं.

कोथरूड_ते_कोलोराडो:
काका १००% बरोबर. एजंटला एमएसच्या ॲडमिशनवर कमिशन मिळतं, पीएचडीवर नाही, म्हणून तो पीएचडीचं नावच काढत नाही.

राईनकाठची_शेवंता:
जर्मनीचं कोणी लिहिलं नाही म्हणून मी. युरोपात बहुतेक ठिकाणी मास्टर्स लागतंच, तुझं होतंच आहे त्यामुळे तो प्रश्न नाही. मॅक्स प्लांक ह्या संशोधन संस्थांच्या, पीएचडीसाठीच्या आयएमपीआरएस नावाच्या शाळा असतात, त्यांची ड्रेस्डेनची संस्था पेशी आणि भ्रूण ह्यासाठीच प्रसिद्ध, आणि हायडेलबर्गला ईएमबीएल ही युरोपीय देशांची मिळून असलेली संस्था. न्यूसलाइन-फोलहार्ड आणि विशाउसनी माशीच्या अळ्यांचा तो मोठा स्क्रीन (कुठला जीन बिघडला की अळीत काय बिघडतं ते शोधणारी चाळणी) ह्याच ईएमबीएलमध्ये केला. इथे तुला पगारी नोकर म्हणून घेतात, करार असतो, पेन्शनला पैसे कापतात, सुट्ट्या घ्यायलाच लागतात (माझ्या बॉसनी मला ऑगस्टमध्ये हाकललं होतं). तीन-चार वर्षांत संपते. तोटा असा की बऱ्याच लॅबमध्ये रोटेशन नसतं, आलीस की पहिल्या दिवसापासून तीच लॅब, तोच प्रोजेक्ट. आणि निवडीच्या आठवड्यात ते तुझ्या एमएस्सीच्या प्रोजेक्टवर तासभर सोलतात. तू काय केलंस, कंट्रोल काय होता, चुकलं ते का चुकलं. इथे तुझी गोची होईल अगं, तुझ्याकडे आत्ता सांगायला प्रोजेक्टच नाहीये. सगळ्याच्या आधी तो कर.

अर्ध्यावर_सोडलेला:
सगळे इथे की तिथे करताहेत, मी तिसरंच बोलतो. मी साडेचार वर्षांनी सोडली. संस्थेचं नाव सांगणार नाही, नाव ऐकलंत तर "अरे वा" म्हणाल. मी पण नाव बघूनच गेलो होतो. गाइड वर्षातले सहा महिने बाहेर, मेलला उत्तर नाही, माझ्या आधीचा मुलगा सातव्या वर्षाला होता आणि मी त्याला कधी विचारलंच नाही की बाबा तू अजून इथे का. फेलोशिप मध्ये आठ महिने आली नाही, सहकारी पतपेढीतून उचल घेतली. अँटीबॉडी मागवली तर कस्टम्समध्ये अडकून आली तोवर बर्फ वितळलेला. ते कुठेही होतं म्हणा, पण दोन वर्षांनी बॉसनी प्रोजेक्टच बदलला आणि पहिलं सगळं पाण्यात. अमेरिकेत सोडलं तर निदान मास्टर्स देऊन घरी पाठवतात, इथे काहीच नाही, सीव्हीवर साडेचार वर्षांचं भोक. आता मी हैदराबादला एका सीआरओत (औषध कंपन्यांसाठी संशोधन करून देणाऱ्या कंपनीत) आहे, बरा आहे, झोप लागते.
त्यामुळे लॅब बघायला जाशील तेव्हा सरांना भेटून परत येऊ नकोस. तिथल्या सगळ्यात जुन्या पोराला खाली टपरीवर चहाला ने. विचार, मागचा विद्यार्थी किती वर्षांत सुटला, जेआरएफ-एसआरएफची पाच वर्षं संपल्यावर पैसे कोण देतं, सर शेवटचं लॅबमीटिंगला कधी बसले. तो कपात बघत बसला तर उठून ये.

माशीमार:
दादा वाईट वाटलं वाचून. पण सगळीकडे असं नाहीये हेही लिहायला हवं, माझे सर रोज बेंचवर येतात, उलट येऊ नयेत असं वाटतं कधीकधी. आणि मोठ्या संस्थेचा फायदा असतोच, कॉन्फोकल मायक्रोस्कोप खालच्या मजल्यावर, फ्लाय फॅसिलिटी आहे, स्टॉक मागवायला माणूस आहे. छोट्या ठिकाणी एका अँटीबॉडीसाठी सही घेत फिरायला लागतं.

अर्ध्यावर_सोडलेला:
कॉन्फोकल माझ्याकडे पण होता भाऊ. दोन होते.

राईनकाठची_शेवंता:
दोघांचंही खरं आहे, भांडू नका 🙂 एनसीबीएस, टीआयएफआरला रोटेशन असतं, त्यामुळे आधी लॅब चाखून बघता येते. जिथे रोटेशन नाही तिथे मात्र चहाची टपरीच.

जुनं_खोड:
नमस्कार. झूऑलॉजीचा निवृत्त प्राध्यापक, वय ७४, मुलानं टायपिंग शिकवलं आहे. धागा वाचून राहवलं नाही.
तुम्ही सगळे माशी, कॉन्फोकल, जर्मनी म्हणता, ठीक. पण ह्या मुलीचा मूळ प्रश्न तिनं स्वतःच मथळ्यात लिहिला आहे, तिनं जिवंत भ्रूण पाहिलेला नाही. त्याला सांगलीहून ड्रेस्डेनला कशाला जायला हवं? पुणे विद्यापीठात लीला मुल्हेरकर बाई एडिंबरोला वॉडिंग्टन ह्या भ्रूणशास्त्रज्ञाकडे काम करून आल्या आणि त्यांनी कोंबडीच्या अंड्यावर शिष्यांची एक पिढी उभी केली. मुंबईत टीआयएफआरला शुभा टोळे मेंदू गर्भात कसा घडतो त्यावर काम करतात. आणि ज्यांना गोव्याचं कौतुक आहे त्यांच्यासाठी, वेरोनिका रॉड्रिग्ज, मूळ गोव्याचं कुटुंब, जन्म केनियात, डब्लिनला शिकून त्या टीआयएफआरच्या ओबैद सिद्दिकींच्या लॅबमध्ये पीएचडी करायला मुंबईला आल्या आणि माशीला वास कसा कळतो ह्यावर आयुष्य घातलं. लोक बाहेरून इथे यायचे ह्यासाठी.
तर मुली, अंडी आण. दुकानातली नाहीत, ती निर्जीव असतात, कोंबड्याचा संबंधच नसतो. हॅचरीतली फलित अंडी आण, नाहीतर ज्याच्या अंगणात कोंबडा फिरतो त्याच्याकडची गावरान. तुमच्या मायक्रोबायोलॉजीवाल्यांकडे इनक्युबेटर असेलच, ३७ चा ३८ कर, आत पाण्याचा ट्रे ठेव, अंडी आडवी ठेव म्हणजे भ्रूण तरंगून वरच्या बाजूला येतो. वर पेन्सिलनं खूण कर. दोन दिवसांनी बोथट टोकाला सुई सरळ खाली घालून सिरिंजनं दोन-तीन मिली पांढरा काढून घे, बलक खाली बसतो, मग खुणेच्या जागी कात्रीनं खिडकी काप. चौथ्या दिवसापुढे ठेवू नकोस. हे जमलं की बलकावरून भ्रूण सोडवून काचेच्या रिंगवर वाढवायचं, त्याला न्यू कल्चर म्हणतात. विद्यार्थी दरवर्षी नवीन पद्धत असं लिहितात, ती नवीन नाही, १९५५ ची आहे, न्यू हे त्या माणसाचं आडनाव.

कवठाची_चटणी:
सर, डोळ्यात पाणी आलं वाचून, खरंच. मॅडमना विचारते उद्याच. इनक्युबेटर मायक्रोवाल्यांचा आहे, ते आमच्याशी बोलत नाहीत पण बघते.

राईनकाठची_शेवंता:
आणि हे कर आणि लिहून ठेव तारीखवार. किती अंडी, किती फलित, किती मेली, का. हाच तुझा प्रोजेक्ट. शिवाय सायन्स अकॅडमींची उन्हाळी फेलोशिप असते, दोन महिने चांगल्या लॅबमध्ये राहता येतं, जायचे-यायचे पैसे पण देतात, अर्ज हिवाळ्यातच संपतात, चुकवू नकोस.

माशीमार:
+१. आणि पास झाल्यावर एक वर्ष प्रोजेक्ट असिस्टंट म्हणून कुठेतरी घुस. पगार जेमतेम, पण वर्ष वाया गेलं असं म्हणणाऱ्या नातेवाइकांचं ऐकू नकोस, माझं तेच वर्ष कामी आलं. तोवर नेट आणि जीबिल्स दोन्ही देऊन बघता येतात.

(अकरा दिवसांनी)

कवठाची_चटणी:
अपडेट देते!! मायक्रोवाल्या सरांना अंडी म्हटल्यावर आधी ते हसले, मग म्हणाले आमच्या प्लेट खराब झाल्या तर बघा. मिरजेजवळच्या हॅचरीतून ३० अंडी आणली, एसटीत मांडीवर. पहिल्या १२ ला खिडकी कापताना बलक फुटला, ७ फलितच नव्हती. पांढरा काढायचा विसरले होते सर, म्हणून फुटत होती, मग तुमची पोस्ट परत वाचली. उरलेल्यांत ४ नीट निघाली.
एक ५० तासांनी उघडलं. आधी काही कळेना, नुसतं पिवळं, मग टॉर्च तिरका धरला तर लाल बारीक जाळं दिसलं आणि मधोमध तो ठिपका. हलत होता. मॅडमना बोलावलं, मॅडमनी चष्मा काढून परत घातला. त्यांनी पण आयुष्यात पहिल्यांदाच बघितला. मग मायक्रोवाले सर आले, मग शिपाई मामा आले, आम्ही सगळे एका अंड्याभोवती.
मी सेकंदकाट्यावर ठोके मोजले, मिनिटाला ११० भरले, पण टेबलाला कोणीतरी सारखं टेकत होतं त्यामुळे एक-दोन इकडे तिकडे.
प्रश्न असा की खिडकी परत बंद कशी करायची? मी कागदी टेप लावला तर दुसऱ्या दिवशी आत सुकून चिकटलं होतं.

जुनं_खोड:
कागदी नको, साधा पारदर्शक सेलोटेप, कड दाबून घट्ट. बंद करण्याआधी आत दोन थेंब रिंगर सोल्यूशन (क्षारांचं सौम्य द्रावण) टाक, साधं पाणी नाही. आणि पुढच्या वेळी ठोके मोजताना खोलीचं तापमान लिही, अंडं गार पडलं की ते मंदावतात, तुझे ११० कमीच आले असतील.

माशीमार:
शिपाई मामांना को-ऑथर कर.